मधला रकाना

पुण्यातील अप्पा बळवंत चौक पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे आणि पेशवाईतील सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नावाच्या या चौकाची इंग्रजी आद्याक्षरे ए, बी आणि सी अशी येतात. ही गोष्ट इंग्रजी शिकू पाहणाऱ्या शहराच्या इतकी सोयीची आहे की कोणीतरी ती मुद्दाम साधली असावी, असा संशय परगावच्या माणसाला येऊ शकतो. दरवर्षी जून महिन्यात या चौकात जी शालेय पुस्तके, गाइडे आणि अपेक्षित प्रश्नसंच विकले जातात, त्यांच्यासोबत शब्दार्थांची एखादी लहानशी पुस्तिकाही पिशवीत जाते. तिच्या पानावर तीन रकाने असतात. पहिल्यात इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग, दुसऱ्यात त्याचा देवनागरीतील उच्चार आणि तिसऱ्यात मराठी अर्थ दिलेला असतो. पहिला रकाना इंग्रजांनी ठरविलेला असल्यामुळे त्यात कोणाला काही करता येत नाही आणि तिसरा शब्दकोशातून उतरवून घेता येतो; मधला मात्र संपादकाच्या कानावर, त्याच्या गुरुजींच्या कानावर आणि त्या गुरुजींची शाळा तपासायला आलेल्या साहेबाच्या कानावर अवलंबून असतो. पुणेरी इंग्रजीचा सारा इतिहास या मधल्या रकान्यात साठलेला आहे.

देवनागरीचा मूळ करार असा आहे की जे लिहिले ते वाचायचे आणि जे वाचायचे नाही ते लिहायचे नाही. मराठीने हा करार तंतोतंत पाळलेला नाही, कारण 'चार' आणि 'चारा' या दोन शब्दांतील च वेगवेगळे असूनही लिहिले एकसारखेच जातात, आणि 'घर' या शब्दाच्या शेवटचा अकार लिहिला जातो पण बोलला जात नाही; परंतु मातृभाषेतील अशा सवलती माणसाच्या लक्षात येत नाहीत, त्या परक्या भाषेत आढळल्या म्हणजेच गैरव्यवहार वाटू लागतात. त्यातही पुणे हे उच्चाराविषयी विशेष हळवे शहर असून 'आणि'चा 'आनि' करणाऱ्या वक्त्याचे उरलेले भाषण येथे ऐकले जात नाही, तपासले जाते. अशा शहरापुढे इंग्रजीने अनुच्चारित अक्षर, म्हणजे स्पेलिंगमध्ये असलेले पण उच्चारात नसलेले अक्षर, आणून ठेवले, तेव्हा पंगतीत पाट अडवून बसलेल्या आणि जेवायला मात्र नकार देणाऱ्या पाहुण्याकडे यजमानीण ज्या नजरेने पाहते, त्या नजरेने पुणेकराने त्याच्याकडे पाहिले आणि त्याला आग्रह करकरून वाढले. 'प्लंबर' या शब्दातील ब हा असा आग्रहाचा ब आहे. इंग्रज मनुष्य त्या कारागिरास 'प्लमर' म्हणतो. पुण्यात 'प्लमर' अशी हाक मारल्यास कोणी वळून पाहणार नाही आणि नळ गळतच राहील, हे लक्षात घेता ब उच्चारणेच व्यवहाराला धरून आहे.

या ब-विषयीची इंग्रजांच्या घरची हकिकत कळली तर पुणेकराचा राग पुष्कळसा निवळेल. शिशाला लॅटिन भाषेत 'प्लुम्बुम' म्हणत. शिशाचे नळ बसविणारा तो प्लंबर, आणि रसायनशास्त्रात शिशाची खूण 'पीबी' अशी असण्याचे कारणही तेच. कर्ज या अर्थाचा 'डेट' हा शब्द डी, ई, बी, टी असा लिहितात. मध्ययुगीन इंग्रजीत फ्रेंचमधून आलेल्या या शब्दात ब नव्हता, परंतु पुढे लॅटिन पंडितांना आपले पांडित्य दाखविण्याची निकड भासली आणि त्यांनी मूळ 'डेबितुम'ची आठवण म्हणून लेखनात ब घातला, बोलणाऱ्यांनी मात्र त्याची दखल घेतली नाही. 'डाउट'मधील ब आणि पावती या अर्थाच्या 'रिसीट'मधील पी हीदेखील पंडितांचीच कृपा. 'आयलंड'मधील एस तर निव्वळ गैरसमजातून आला, कारण लॅटिन 'इन्सुला'शी त्या शब्दाचा काही संबंध नसताना तो असल्याचे धरून चालण्यात आले. व्युत्पत्तीच्या हौसेपोटी लेखनात एक अक्षर वाढवावे आणि त्यापायी मुलांच्या पिढ्यान्पिढ्यांनी छड्या खाव्यात, ही कल्पना सदाशिव पेठेला परकी वाटण्याचे काही कारण नाही. त्यात १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना काढला आणि स्पेलिंगे हळूहळू खिळ्यांत पक्की होऊ लागली, त्याच सुमारास इंग्रजांचे दीर्घ स्वर मात्र जागा सोडू लागले होते. आजचे स्पेलिंग हे पुष्कळ ठिकाणी पाचशे वर्षांपूर्वीच्या उच्चाराचे लेखन आहे, आणि शिलेदार या अर्थाच्या 'नाइट' शब्दातील के आणि जीएच निष्ठेने उच्चारणारा विद्यार्थी चुकतो असे म्हणण्यापेक्षा तो उशिरा जन्मला असे म्हणणे अधिक न्यायाचे होईल.

मुक्या अक्षरांचा एक गुण पुस्तिकांनी अद्याप हेरलेला नाही. एका मुळापासून निघालेल्या शब्दांच्या समूहाला शब्दकुल म्हटले, तर अशा कुलात एकाने मौन पाळले असता दुसरा बहुधा बोलून जातो. सही करणे या अर्थाच्या 'साइन'मधील जी मुका आहे, पण 'सिग्नेचर' आणि 'सिग्नल' यांत तो स्पष्ट बोलतो. 'डेट'मधील ब 'डेबिट'मध्ये तोंड उघडतो. शरद ऋतूला म्हणतात त्या 'ऑटम'मधील एन 'ऑटम्नल' या विशेषणात ऐकू येतो. स्वरांचेही तसेच असून 'नेशन'चे 'नॅशनल', 'वाइज'चे 'विझडम', 'हील'चे 'हेल्थ' आणि 'प्लीज'चे 'प्लेझंट' होताना मूळचा लांबट स्वर आखूड होत जातो. हे शब्द शेजारी शेजारी छापले तर विद्यार्थ्याला पाच शब्दांऐवजी एक कुटुंब पाठ करावे लागेल. परंतु पुस्तिका धड्यांच्या क्रमाने किंवा वर्णानुक्रमाने छापली जाते आणि 'साइन'ची व 'सिग्नेचर'ची भेट होईपर्यंत शैक्षणिक वर्ष संपते. 'सिग्नल' हा शब्द पुणेकराला अर्थात सुरेख उच्चारता येतो. त्याचा अर्थ तिसऱ्या रकान्यात असतो आणि तेथवर वाचण्याइतका वेळ वाहनचालकांपाशी नसतो.

पुण्यात इंग्रजी शब्द मुळात दोन वाटांनी आले, एक कानाची आणि दुसरी डोळ्यांची, आणि या दोन वाटांनी आलेल्या शब्दांची नियती इतकी वेगळी झाली की त्यांची भाषा एकच होती यावर विश्वास बसू नये. कानाची वाट जुनी आहे. चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा रेसिडेंट १७८६ मध्ये पेशव्यांच्या दरबारी आला तेव्हा पुण्यात शब्दार्थाची पुस्तिका नव्हती, आणि पुढे एल्फिन्स्टनसाहेब आला तेव्हाही नव्हती; त्यामुळे कारकुनांनी कानाला जे पटले ते मोडीत उतरविले आणि साहेबाचा 'अलपिष्टन' झाला. या नावातील स-चा ष कोणी केला, याचे उत्तर मनोरंजक आहे. ट उच्चारताना जीभ टाळूकडे वळते आणि आधीच्या स-लाही आपल्यासोबत वळवून नेते. पाणिनीने संस्कृतात या प्रकाराचा नियमच सांगून ठेवला असून व्याकरणात त्याला ष्टुत्व म्हणतात. 'माष्टर', 'पोष्ट', 'मिष्टेक' आणि 'ष्टेशन' असे म्हणणाऱ्या माणसाला गेली दीडशे वर्षे अडाणी म्हणून हसण्यात आले, वस्तुतः तो पाणिनीच्या नियमाने चालत होता आणि हसणारे संस्कृत शाळेतून आलेले होते.

कानाने आलेल्या शब्दांत काही भयंकरही आहेत. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून करणारे ते गारदी. हा शब्द रखवालदार या अर्थाच्या 'गार्ड'वरून आला असे एक मत आहे, आणि ते मान्य केल्यास तिसऱ्या रकान्यातील अर्थ न वाचता शब्द वापरल्याचा पुण्यातील पहिला मोठा परिणाम म्हणून या घटनेची नोंद करावी लागेल. एरवी लष्करी शब्दांनी पुण्याचे भलेच केले. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर येथे इंग्रजांची छावणी पडली, आणि आचारी, मोतद्दार, धोबी व हुजरे यांनी साहेबाच्या तोंडून ऐकलेले शब्द जसेच्या तसे गावात आणले. 'कर्नल' या शब्दाचे स्पेलिंग पाहिल्यास त्यात मध्ये कोठेही र नाही, दोन एल मात्र आहेत, आणि 'लेफ्टनंट'च्या स्पेलिंगमध्ये फ-चा मागमूस नाही. तरीही मराठीत हे दोन्ही शब्द इंग्रज जसे उच्चारतो तसेच लिहिले जातात, कारण ज्यांनी ते आणले त्यांना स्पेलिंग येत नव्हते. हे त्यांच्या हातून झालेले मोठेच भाषाकार्य म्हटले पाहिजे. एखाद्या पदवीधराने हे शब्द प्रथम पुस्तकात वाचले असते तर आज पुण्यात निवृत्त 'कोलोनेल' राहत असते.

रेल्वेनेही हेच केले. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला आणि बोरघाटातील काम पुरे होऊन १८६३ मध्ये मुंबईची गाडी थेट पुण्याला येऊ लागली, तेव्हा 'प्लॅटफॉर्म'चा 'फलाट' झाला आणि इतका मुरला की आज तो शुद्ध मराठी शब्द म्हणून इंग्रजीद्वेष्ट्यांच्याही निवेदनात आढळतो. दोन रुळांमधील अंतरास 'गेज' म्हणतात. त्याच्या स्पेलिंगमध्ये जी-नंतर ए आणि यू असे दोन स्वर आहेत आणि पुस्तकातून शिकणाऱ्याने त्याचा 'गॉज' केला असता, पण रूळ टाकणाऱ्या गँगमनने तो ऐकला असल्यामुळे 'ब्रॉडगेज' अचूक राहिले. स्वारगेटच्या डेपोत 'डेपो'चा टी कोणी उच्चारत नाही आणि त्याबद्दल कोणाला खेदही वाटत नाही. फुलांच्या गुच्छाचा 'बुके' आणि लग्नातील 'बुफे' हेही टी गाळूनच आले, कारण मांडव घालणाऱ्याला स्पेलिंगची गरज पडली नाही. जेथे टी गाळायचा तेथे तो गाळणारे आणि 'प्लंबर'मधील ब मात्र राखणारे हे एकच शहर आहे.

डोळ्यांच्या वाटेची सुरुवात सन्मानाने झाली. मेजर थॉमस कँडी हा इंग्रज अधिकारी विश्रामबागवाड्यातील संस्कृत पाठशाळेवर देखरेख करीत असे. मोल्सवर्थसोबत त्याने केलेला इंग्रजी-मराठी शब्दकोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मराठीला स्वल्पविराम, अर्धविराम वगैरे विरामचिन्हे लावण्याची शिस्तही त्यानेच रुजविली. मराठी लेखकांचे मराठी तपासून देण्याचे कामही हा इंग्रज पुण्यात बसून करीत असल्यामुळे, पुणेकरांनी पुढे इंग्रजांच्या उच्चारात ज्या सुधारणा केल्या त्यांकडे परतफेड म्हणून पाहता येते. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले, आणि इंग्रजी विद्येला वाघिणीचे दूध म्हणण्याचा जो प्रघात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर सांगितला जातो तो पुण्यात रूढ झाला. वाघीण प्रत्यक्षात कशी डरकाळी फोडते, हे मात्र दूध पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ऐकायला मिळाले होते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या पिढ्यांना इंग्रजी वाक्याचे पृथक्करण झोपेत करता येत असे, त्यांचे अर्ज निर्दोष असत, त्यांच्या इंग्रजी पत्रव्यवहाराला गोरे अधिकारी वचकून असत. फक्त ते वाक्य मोठ्याने म्हणण्याची वेळ आली की प्रत्येक अक्षराला समान न्याय मिळे.

या समान न्यायाचे शास्त्र घोकंपट्टीत आहे. स्पेलिंग पाठ करण्यासाठी शब्द जसा लिहिला तसा फोडून म्हणायचा, ही युक्ती पुण्यातील प्रत्येक मराठी शाळेत चालत आलेली आहे: बुधवारचे 'वेड-नेस-डे', सुंदर या अर्थी 'बी-अ-उ-टी-फुल', ज्ञानाचे 'क्नोव-लेज'. युक्ती नामी आहे, तिच्यामुळे पुण्याचे स्पेलिंग अनेक इंग्रजांपेक्षा चांगले आहे. पण दहा वर्षे बुधवारी 'वेडनेसडे' म्हटल्यावर अकराव्या वर्षी त्यातील पहिला डी गाळण्यास जीभ तयार होत नाही, आणि मराठी मनाला त्या दिवसाच्या नावात वेड आधीच ऐकू आलेले असते. २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या कारकिर्दीत मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, सेनापती बापट रस्त्यावरील बालभारतीने त्यासाठी चित्रांची पुस्तके काढली आणि गाणी म्हणून, ऐकून शिकवण्याचा काळ आला. आता पहिलीतील मूल 'वेन्झडे' म्हणते आणि आजोबा त्याला सुधारतात.

मधल्या रकान्यापुढील खरी अडचण मात्र मराठी वर्णमालेची होती. 'बॅट' आणि 'बॉल' यांतील स्वर मूळ मराठीत नसल्यामुळे त्यांच्यासाठी डोक्यावर अर्धचंद्र देण्याची सोय झाली आणि २००९ च्या शासन निर्णयाने ॲ व ऑ या स्वरांना वर्णमालेत अधिकृत जागाही मिळाली. व-चा प्रश्न इतका सरळ सुटला नाही. इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू असे दोन वेगळे ध्वनी आहेत; पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात दोन्ही ओठांचा चंबू होतो. मराठीने व्ही-साठी 'व्ह' असे जोडाक्षर घडविले, 'व्हॅन' आणि 'व्होट' त्याने नीट लिहिले जाऊ लागले. परंतु डब्ल्यूएच या जोडीतही एच दिसत असल्यामुळे 'व्हील' आणि 'व्हाइट' यांनाही तेच जोडाक्षर देण्यात आले, आणि परिणामी मधल्या रकान्यात देवमासा आणि वधूच्या तोंडावरची जाळी या दोहोंचा उच्चार 'व्हेल' असा एकच झाला. येथे कडक सुधारणा सुचविण्यापूर्वी विचार केला पाहिजे. 'व्हाइट'मधील ह काढल्यास भिंतीचा रंग 'वाईट' ठरतो आणि रंगाऱ्याचे पैसे अडतात.

त्याहूनही मोठी गोष्ट मधल्या रकान्यात मुळीच छापली जात नाही, ती म्हणजे आघात. इंग्रजी शब्दाच्या एका अवयवावर जोर येतो, तो अवयव ठसठशीत आणि लांब होतो आणि बाकीचे स्वर दबून अस्फुट अकारासारखे होतात. मराठीत शब्दार्थ ठरविणारा असा जोर नसल्यामुळे मराठी कानाला तो ऐकू येत असूनही जमेस धरावासा वाटत नाही. एकाच कुलातील 'फोटोग्राफ', 'फोटोग्राफर' आणि 'फोटोग्राफिक' हे शब्द पुण्यात एका उंचीचे उभे राहतात, तर इंग्रजाच्या तोंडी पहिल्याचा जोर आरंभी, दुसऱ्याचा टॉ-वर आणि तिसऱ्याचा ग्रॅ-वर पडून ते अनुक्रमे 'फोटग्राफ', 'फटॉग्रफर' आणि 'फोटग्रॅफिक' असे काहीसे होतात. 'रेकॉर्ड' हे नाम असताना जोर आधी आणि क्रियापद असताना नंतर. डॅनिएल जोन्स यांच्या १९१७ च्या उच्चारकोशापासून प्रत्येक मोठ्या इंग्रजी कोशात ही खूण छापलेली असते. पुस्तिकांच्या प्रकाशकांनी जोराचे तेवढे अक्षर ठळक टंकात छापले तर कागद वाढणार नाही, शाई नाममात्र वाढेल, आणि हा एक बदल इतर सर्व सुधारणांपेक्षा उपयोगी ठरेल. 'डेव्हलपमेंट' या शब्दात तो जोर 'व्हे'वर असतो, पण हे पुणेकराला माहीत नाही असे म्हणता येत नाही. डेव्हलपमेंटचा आघात नेमका कोठे पडतो, हे जुन्या वाड्यातील कोणताही भाडेकरू सांगू शकतो.

शहराच्या पूर्व भागात, म्हणजे ज्याला पेठांमध्ये लष्कर आणि स्वतः त्या भागात कॅम्प म्हणतात तेथे, इंग्रजी उच्चार उत्तम असतात असा पेठांचा समज आहे आणि कॅम्पने तो कधी खोडून काढलेला नाही. वस्तुस्थिती पाहू गेल्यास 'कॅन्टोन्मेंट' हा शब्दच तेथे आणि येथे सारखाच उच्चारला जातो, ब्रिटिश कोशांत मात्र त्याचा उच्चार 'कॅन्टून्मंट' असा दिलेला आहे, तेव्हा दोनशे वर्षे छावणीत राहूनही छावणीचे नाव पुण्याने आपल्या पद्धतीनेच घेतले. ईस्ट स्ट्रीटवरील कयानी बेकरी १९५५ पासूनची. तिच्या ज्या बिस्किटांसाठी सकाळी रांग लागते त्यांना पुण्यात 'श्रूसबेरी' म्हणतात आणि नव्या गिऱ्हाइकाला त्यांत बोरासारखे एखादे फळ असावेसे वाटते. हे नाव इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यातील एका गावाचे असून शेवटचा 'बरी' हा भाग गढी किंवा तटबंदी या अर्थाच्या जुन्या शब्दापासून आला आहे, फळापासून नव्हे. त्या गावाचे नाव 'श्रोझबरी' की 'श्रूझबरी', यावर खुद्द गावकऱ्यांतच मतभेद आहेत आणि ते आजतागायत मिटलेले नाहीत. ज्या गावाला स्वतःच्या नावाचा उच्चार ठरविता आलेला नाही, त्याने पुण्याला शिकविण्याच्या भरीस पडू नये.

काही शब्दांत उच्चार आणि दर यांचे नाते जडलेले दिसते. केस कापण्याच्या दुकानाला पुण्यात फार काळ 'सलून' म्हणत आणि पाटीवरही 'हेअर कटिंग सलून' असेच असे. जुन्या ब्रिटिश वापरात ते बरोबरही होते. अलीकडे त्यातील ऊकार जाऊन 'सलॉन' आले, तेच काम तीच कात्री करते, पण एका स्वराची किंमत कशी असते हे पैसे देताना समजते. 'पिझ्झा'ची गोष्ट याहून हळहळण्यासारखी आहे. इटालियन भाषेत त्या शब्दातील दुहेरी झेडचा उच्चार 'त्स' असा होतो, आणि 'चमचा' व 'चारा' यांतील मराठी च हाच तो ध्वनी असल्यामुळे भारतातील ज्या थोड्या भाषांना हा पदार्थ अचूक मागविता आला असता त्यांत मराठी अग्रभागी होती. मराठी माणसाने झ-ला झ जोडून ती संधी दवडली.

इंग्रजीने या सगळ्याचा सूड उगवला आहे तो गावांच्या नावांवर. मराठीत दोन स्वरांमध्ये येणारा ड जिभेच्या एका झटक्याने उच्चारला जातो आणि इंग्रज कानाला तो र-सारखा वाटतो. त्यामुळे साहेबाने खडकीचे 'किर्की', घोरपडीचे 'घोरपुरी' आणि वानवडीचे 'वानौरी' करून नकाशावर लिहून ठेवले. युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या दफनभूमीच्या नावात 'किर्की' आजही टिकून आहे. पाणी अडविणाऱ्या बांधासाठीच्या 'बंद' या फारसी शब्दावरून इंग्रजांनी आपला शब्द घेतला, बांधाच्या काठच्या बागेला तो लावला, आणि मधल्या रकान्यातून परत येताना त्याचे 'बंड' झाले. पुढे त्या बागेला महात्मा गांधी उद्यान असे नाव देण्यात आले, पण लोक तिला अजून बंड गार्डनच म्हणतात. 'दक्षिण'चे 'दख्खन', त्याचे इंग्रजी 'डेक्कन', आणि ते १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्यासह पुन्हा मराठीत दाखल. येथवर निदान साहेबाचा कान जबाबदार होता. हिंजवडीच्या बाबतीत तीही सबब उरत नाही. माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या तेथे आल्या, नाव रोमन लिपीत लिहिले गेले, मधे एक ई पडला, आणि देशभरातून नोकरीसाठी आलेल्या शिकलेल्या तरुणांनी ते डोळ्यांनी वाचून गावाची 'हिंजेवाडी' केली. त्यांचे ऐकून आता कोथरूडचे मराठी तरुणही 'हिंजेवाडी'लाच कामाला जातात. 'वेडनेसडे' म्हणणाऱ्या आजोबांना हसणारी नातवंडे स्वतःच्या जिल्ह्यातील गावाचे नाव इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चारू लागली आहेत, आणि आजोबांनी निदान परक्याच भाषेची मोडतोड केली होती.

तेव्हा वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते की पुण्यातील नळ दुरुस्त करणाऱ्यास 'प्लंबर' म्हणावे, बेकरीत 'श्रूसबेरी' मागावी आणि बुधवारी जे म्हणायचे ते म्हणावे, पण रिक्षात बसताना 'हिंजवडी' आणि 'वानवडी' हीच नावे घ्यावीत. भाडे मीटरप्रमाणे घ्यायचे की कसे, याचा निर्णय रिक्षावाला बहुधा उच्चार ऐकूनच घेतो.